रोज रात्री फेल होणारा रेप्लिकेशन जॉब: परत रन करायच्या आधी काय काय बघायचं

पावसाळा सुरू झाला की गोव्यात हा प्रॉब्लेम हमखास डोकं वर काढतो. फोंड्याला मेन ऑफिस, मडगावला नाहीतर म्हापशाला शाखा, दोन्हीकडे एकेक नॅस (नेटवर्कवर फाईली साठवायचा डबा), रात्री सगळे गेले की इकडच्या फाईली तिकडे कॉपी व्हायला लावलेल्या, आणि सकाळी बघावं तर जॉबसमोर लाल खूण. मग कोणीतरी 'रन नाऊ' दाबतं, तो जॉब दुपारपर्यंत चालतो, सगळ्यांचं नेट स्लो होतं, संध्याकाळी परत फेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच. फोंडा-डिचोली भागातल्या छोट्या ऑफिसांचं आणि फोटो स्टुडिओंचं हे काम मी बघतो, त्यामुळे जे खरोखर उपयोगी पडतं ते इथे एका जागी लिहितोय. उदाहरणं जास्त करून आरसिंक (फाईली कॉपी करणारं टूल) आणि झेडएफएस (डिस्कवर फाईली ठेवायची एक सिस्टिम) यांची आहेत कारण बऱ्याच नॅसच्या पोटात यातलंच काहीतरी चालू असतं. विंडोज सर्व्हरवाल्यांसाठी मध्ये थोडं आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट करा, कारण शोधायच्याही आधी: दोन्ही बाजूंनी जे काही आपोआप डिलीट होतं ते बंद करा. म्हणजे शेड्यूल पॉज, जुने स्नॅपशॉट (डेटाची त्या-त्या क्षणाची गोठवलेली प्रत) उडवणारी रिटेन्शन पॉलिसी पॉज, आरसिंकच्या कमांडमधला डिलीट ऑप्शन काढून ठेवा. हे मी एवढं जोर देऊन सांगतोय कारण जॉब फेल होण्याने सहसा डेटा जात नाही, डेटा जातो तो फेल झाल्यानंतर घाईत केलेल्या उद्योगांनी. तिकडे मडगावला परवाची का होईना पण चांगली कॉपी पडलेली आहे, ती हलू द्यायची नाही, बाकी सगळं नंतर.

डिलीट ऑप्शनचा धोका नीट समजून घ्या. रात्री वीज जाते, परत येते, नॅस किंवा सर्व्हर स्वतःहून चालू होतो पण डेटाची डिस्क माऊंट होत नाही, म्हणजे सिस्टिमला जोडली जात नाही. माऊंट पॉईंटचा फोल्डर मात्र असतोच, फक्त रिकामा. आरसिंकला वाटतं सोर्समध्ये काहीच नाही, म्हणून तो डेस्टिनेशनवरचं सगळं साफ करतो आणि वर शून्य कोड देऊन जॉब सक्सेसफुल म्हणून सांगतो. वाचताना एरर आली तर आरसिंक डिलीट करायचं टाळतो, पण रिकामा फोल्डर ही काही एरर नव्हे, तिथे त्याचा इलाज चालत नाही. यावर उपाय सोपा आहे आणि प्रत्येकाने करायलाच हवा: डेटाच्या डिस्कवर एक छोटी खुणेची फाईल ठेवा, स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत ती फाईल आहे का ते तपासा, नसेल तर तिथेच थांबा. आणि मॅक्स-डिलीटची मर्यादा घाला, तुमच्याकडे दिवसाला जेवढ्या फाईली खरंच डिलीट होतात त्याच्या थोडी वर. मर्यादा ओलांडली की आरसिंक पुढचं डिलीट करत नाही आणि २५ कोड देतो. हा २५ दिसला तर मर्यादा वाढवू नका, आधी सोर्स बघा.

आता लॉग. 'फेल्ड' हा शब्द सोडून द्या, कोड बघा. २४ आला तर कॉपी चालू असताना सोर्समधल्या काही फाईली गायब झाल्या, टेम्पररी फाईली असतील तर त्यात काळजीसारखं काही नाही. २३ म्हणजे काही फाईली गेल्या काही राहिल्या, इथे लॉगमध्ये वर जाऊन नेमक्या कुठल्या राहिल्या ते शोधायचं, बहुतेक वेळा परमिशन नाहीतर फाईलचं नाव. ११ म्हणजे फाईल वाचता-लिहिताना गडबड, डिस्क भरलेली असणं हे नेहमीचं कारण, कधीकधी डिस्कच जायला आलेली असते. ३० म्हणजे टाईमआऊट. १२ म्हणजे दोन टोकांमधला संवाद मध्येच तुटला, आणि २५५ आला तर तो आरसिंकचा नव्हेच, एसएसएच (दोन मशीनमधलं सुरक्षित कनेक्शन) जोडलं गेलं नाही किंवा मध्येच पडलं. आणि हे कोड खरे येतायत का तेही एकदा बघा, कारण बऱ्याच स्क्रिप्टमध्ये आरसिंकचं आउटपुट पाईप करून लॉगमध्ये टाकलेलं असतं आणि शेडय़ूलरला मिळतो तो पाईपमधल्या शेवटच्या कमांडचा कोड, आरसिंकचा नाही. बॅशमध्ये पाईपफेल सेट केलं की हे सुटतं. महिनोन्महिने हिरवी खूण दाखवणारे आणि प्रत्यक्षात अर्धवट चाललेले जॉब मी याच कारणाने पाहिलेत.

वीज. आपल्याकडे मे महिन्यातल्या गडगडाटी पावसापासून ऑक्टोबरपर्यंत रात्री वीज ये-जा करते हे सांगायला नको. नॅसला यूपीएस असतो, पण फायबरचा डबा आणि राउटर साध्या सॉकेटवर असतात, त्यामुळे दोन मिनिटं वीज गेली तरी कनेक्शन तुटतं आणि जॉब पडतो. ते दोन्ही यूपीएसवर घ्या, त्यांना लोड असा काही लागत नाही. यूपीएसची यूएसबी केबल नॅसला जोडलेली आहे का तेही बघा, नुसता यूपीएस असून भागत नाही, बॅटरी संपत आली हे नॅसला कळलं तरच तो नीट शटडाऊन होईल. वीज अचानक गेल्यावर आणखी दोन गोष्टी मागे राहतात. एक म्हणजे लॉक फाईल: आधीचा जॉब चालू आहे असं सांगणारी फाईल तशीच पडून राहते आणि नवा जॉब दर रात्री 'आधीच चालू आहे' म्हणून निघून जातो. नुसती फाईल बनवण्याऐवजी एफलॉक ही कमांड वापरलीत तर प्रोसेस मेली की लॉक आपोआप सुटतो. दुसरं म्हणजे घड्याळ. मदरबोर्डवरचा छोटा सेल संपलेला असेल तर वीज गेल्यावर मशीनची तारीख कुठल्या कुठे मागे जाते, इंटरनेट येऊन वेळ दुरुस्त व्हायच्या आत जॉब सुरू झाला तर सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही म्हणून कनेक्शन नाकारलं जातं, आणि विंडोज डोमेन असेल तर पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की केर्बेरॉस (डोमेनमध्ये ओळख तपासणारी यंत्रणा) लॉगिनच देत नाही. एरर वाचून तुम्ही पासवर्ड बदलत बसाल आणि दोष असतो त्या नाण्याएवढ्या सेलचा.

नेटवर्कचं थोडं जास्त सांगतो, कारण इथे लोक इंटरनेट कंपनीला फोन करून मोकळे होतात आणि खराबी आपल्याच कपाटात असते. किनाऱ्याजवळच्या, आणि पावसाळ्यात सगळ्याच ऑफिसांमध्ये, हवेतल्या मिठाने आणि दमटपणाने लॅन केबलच्या कनेक्टरचे धातूचे दात खराब होतात. केबल काढून उजेडात धरून बघा, आठ पट्ट्यांपैकी एखाद्यावर हिरवट थर नाहीतर काळा डाग दिसेल. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, त्यामुळे उरलेल्या दोनपैकी एक जोडी गेली तर लिंक तुटत नाही, कुणाला काही कळत नाही, फक्त ती गुपचूप १०० वर उतरते. रात्री तीन तासांत संपणारा लोकल जॉब मग सकाळी ऑफिस उघडेपर्यंत चालूच राहतो, शेड्यूलर वेळ संपली म्हणून त्याला मारतो, लॉगमध्ये येतं टाईमआऊट. लिनक्सच्या ईथटूल कमांडमध्ये किंवा स्विचवरच्या दिव्याच्या रंगावरून स्पीड बघायला अर्धा मिनिट लागतं. कनेक्टर कापून नवा क्रिंप करा, घासून साफ केलेला फार दिवस टिकत नाही.

जॉब सुरू होतो, छोट्या फाईली जातात आणि मोठी फाईल आली की अडकून बसतो, एरर पण नाही, असं होत असेल तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त किती बाईटचा आकार चालतो ते, बघा. पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डने लागणाऱ्या) कनेक्शनवर एमटीयू १४९२ असतो, वायरगार्ड व्हीपीएन सहसा १४२० धरून चालतो, आणि पीपीपीओईवरून वायरगार्ड चालवत असाल तर १४१२ लागतो. आठ बाईटचा फरक, पण मधल्या कुठल्यातरी उपकरणाने 'पॅकेट मोठं आहे' हा निरोप अडवला की सगळं ठप्प. तुकडे करू नको असं सांगून पिंग करा, पीपीपीओईवर १४६४ साईजचं पिंग जायला हवं आणि १४६५ चं नको.

उलट, जॉब बराच वेळ शांत असतो आणि मग 'ब्रोकन पाईप' येतं, असं असेल तर दोन्ही टोकं लाखो फाईली तपासण्यात गुंतलेली असताना कनेक्शनवरून काहीच जात नाही, आणि राउटर ते रिकामं कनेक्शन विसरून जातो. एसएसएचमध्ये सर्व्हर-अलाईव्ह-इंटरव्हल ३० किंवा ६० सेकंद ठेवा. शाखेचं कनेक्शन शेअर्ड आयपीवर असेल, आणि हल्ली बऱ्याच ठिकाणी ते तसंच असतं, तर वायरगार्डमध्ये पर्सिस्टंट-कीपअलाईव्ह २५ सेकंद लावा.

आता जो विषय फार कमी ठिकाणी लिहिलेला सापडतो आणि आपल्याला मराठीत काम करणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळतो तो: फाईलींची मराठी नावं.

लिनक्सच्या एक्स्ट-फोर फाईल सिस्टिमवर एका नावाला २५५ बाईटची मर्यादा आहे. बाईटची, अक्षरांची नाही. इंग्रजी अक्षराला एक बाईट लागतो, देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन, आणि इथे काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळी स्वतंत्र चिन्हं धरली जातात. 'श्री' हे दिसायला एक अक्षर, पण आत श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हं, म्हणजे बारा बाईट. एकूण ८५ चिन्हांत नाव संपायला हवं. विंडोजच्या एनटीएफएसवर मात्र २५५ चिन्हं चालतात. त्यामुळे देवस्थानच्या ऑफिसातला माणूस विंडोजवर आरामात 'श्री देवस्थान वार्षिक जत्रोत्सव जमाखर्च पत्रक समितीच्या सभेत मंजूर झालेली दुरुस्त अंतिम प्रत.xlsx' असं नाव देतो, त्याच्या कॉम्प्युटरवर फाईल उघडते, आणि लिनक्सवाल्या नॅसवर जाताना 'फाईल नेम टू लाँग' म्हणून ती एकटी मागे राहते. बाकी हजारो फाईली गेल्या, ही एक राहिली, जॉबला २३ कोड, रोज. नॅसवरचा फोल्डर एन्क्रिप्टेड असेल आणि आत ईक्रिप्टएफएस वापरलेलं असेल तर मर्यादा आणखी खाली, १४३ बाईट, म्हणजे देवनागरीची जेमतेम ४७ चिन्हं. तेवढ्यात तर साधं पत्राचं नावसुद्धा बसत नाही. अशा ठिकाणी ऑफिसातल्या लोकांशी बसून बोलावं लागतं: तारीख आणि विषय नावात ठेवा, बाकीचं फोल्डरच्या नावांत वाटून टाका. लोक ऐकतात, नीट कारण सांगितलं तर.

दुसरी भानगड 'ऱ' ची. 'किनाऱ्यावरचे फोटो', 'दुसऱ्या दिवसाचा विधी' अशी नावं फोटो स्टुडिओंच्या डिस्कवर सर्रास असतात. हा अर्धा र युनिकोडमध्ये साठवायचे एकापेक्षा जास्त मार्ग आहेत. एकात 'ऱ' हे स्वतःचं एकच चिन्ह, तीन बाईट. दुसऱ्यात साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं, सहा बाईट. शिवाय काही कीबोर्ड साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक टाकून तीच आकृती काढतात. स्क्रीनवर तिन्ही सारखेच दिसतात. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाईल सिस्टिम नावं नेहमी फोडून साठवते, म्हणजे तिथे र आणि नुक्ता होतात, आणि लिनक्स आलेले बाईट जसेच्या तसे ठेवतो. परिणाम असा की मॅकच्या एक्स्टर्नल डिस्कवरून नॅसवर रेप्लिकेट केलं की तिथे एकाच नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसतात, किंवा डिलीट ऑप्शन चालू असेल तर आरसिंक एक फोल्डर उडवून तोच अख्खा फोल्डर परत कॉपी करतो. लग्नसराईत एकेका लग्नाचे शेकडो जीबी असतात, ते असे उगाच पुन्हा पुन्हा जात राहतात आणि जॉब कधीच वेळेत संपत नाही. उपाय: मॅकवर आरसिंकची नवी आवृत्ती टाकून आयकॉन्व ऑप्शनमध्ये एका बाजूला यूटीएफ-एट-मॅक आणि दुसऱ्या बाजूला यूटीएफ-एट द्या. नॅसवर आधीच झालेला घोळ कन्व्हएमव्ही या टूलने एनएफसी (जोडलेल्या चिन्हांच्या) प्रकारात आणून निस्तरता येतो, ते मुळात फक्त काय बदलणार तेवढंच दाखवतं, खरोखर बदलायला वेगळा ऑप्शन द्यावा लागतो, त्यामुळे आधी निवांत वाचून घ्या. न दिसणाऱ्या जोडकाची नावं मात्र यातून दुरुस्त होत नाहीत, ती शोधून हाताने बदलायची.

जागा संपल्याची एरर येते आणि डीएफ कमांड तर जागा आहे म्हणते, अशा वेळी इनोड (प्रत्येक फाईलमागे लागणारी एक नोंद) बघा, डीएफला आय ऑप्शन देऊन. स्कॅन केलेल्या छोट्या छोट्या फाईली लाखांनी असतील तर इनोड आधी संपतात. आणि स्नॅपशॉट असलेल्या व्हॉल्यूमवर फाईली डिलीट करून जागा सुटत नाही हे लक्षात ठेवा, जुने स्नॅपशॉट ती धरून बसलेले असतात. पण ते उडवायच्या आधी पुढचा भाग वाचा.

झेडएफएसवाल्यांसाठी हा भाग महत्त्वाचा. इन्क्रीमेंटल सेंड (फक्त बदललेलं तेवढं पाठवणं) चालायला दोन्ही टोकांना सामाईक असा एक तरी स्नॅपशॉट लागतो. समजा सोर्सवर सात दिवसांचे स्नॅपशॉट ठेवायचं सेटिंग आहे आणि चवथीच्या सुट्टीत सगळे गावी, जॉब फेल होत राहिला, कुणी बघितलं नाही. आठव्या दिवशी रिटेन्शनने तो शेवटचा सामाईक स्नॅपशॉट उडवला की धागा तुटला, आता सगळं पहिल्यापासून पाठवायचं. म्हणूनच मी सुरुवातीला रिटेन्शन पॉज करायला सांगितलं. कायमचा बंदोबस्त म्हणजे शेवटच्या यशस्वी स्नॅपशॉटला दोन्हीकडे होल्ड लावून ठेवायचा, होल्ड असेपर्यंत तो डिलीटच होत नाही. सोर्सवर जागेची फारच ओढ असेल तर बुकमार्क करून ठेवा, मूळ स्नॅपशॉट गेला तरी त्या बुकमार्कपासून पुढचं इन्क्रीमेंटल पाठवता येतं, डेस्टिनेशनवर मात्र तो स्नॅपशॉट असायला हवा.

'डेस्टिनेशन हॅज बीन मॉडिफाईड' अशी एरर आली तर लगेच फोर्स ऑप्शन लावू नका. तो डेस्टिनेशनला मागे नेतो आणि मधले बदल पुसतो. आधी झेडएफएस डिफ चालवून बघा काय बदललंय. बहुतेक वेळा फोल्डर नुसता उघडून पाहिल्याने ॲक्सेस टाईम बदललेला असतो, पण कधीतरी शाखेतल्या माणसाने खरंच तिथे काम सेव्ह केलेलं असतं, ते आधी बाजूला काढा आणि मग मागे न्या. नंतर डेस्टिनेशनचा डेटासेट रीड-ओन्ली करून टाका, रिसीव्ह त्यावरही चालतं. मोठा सेंड मध्येच तुटत असेल तर रिसीव्हला एस ऑप्शन द्या, मग तुटलं तिथे रिझ्यूम टोकन मिळतं आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू होतं. आरसिंकमध्ये हेच काम पार्शल-डिर करतं. इनप्लेस ऑप्शन मात्र या कामासाठी वापरू नका, मध्ये तुटलं तर डेस्टिनेशनवरची चांगली जुनी फाईल अर्धी जुनी अर्धी नवी होऊन बसते.

विंडोजच्या डीएफएस रेप्लिकेशनमध्ये तीन गोष्टी तपासा. स्टेजिंग कोटा (पाठवायच्या फाईलींसाठीची तात्पुरती जागा) मुळात ४ जीबी असतो, तो त्या फोल्डरमधल्या सगळ्यात मोठ्या ३२ फाईलींच्या बेरजेएवढा तरी हवा. वीज जाऊन मशीन बंद पडलं असेल तर इव्हेंट लॉगमध्ये २२१३ शोधा, काही आवृत्त्यांमध्ये त्यानंतर रेप्लिकेशन थांबून राहतं आणि तुम्ही हाताने रिझ्यूम करेपर्यंत हलत नाही, आणि रिझ्यूमची कमांड त्याच इव्हेंटमध्ये लिहिलेली असते. हे ६० दिवस तसंच राहिलं तर ४०१२ येतो आणि तो सर्व्हर आपला डेटा शिळा समजून सिंक नाकारतो. म्हणून २२१३ दिसला की त्याच दिवशी आधी बॅकअप, मग रिझ्यूम.

सगळं करूनही पहिल्यापासून पाठवायची पाळी आलीच तर गणित करा. ४ टीबी डेटा, ५० एमबीपीएस अपलोड, म्हणजे सेकंदाला सव्वासहा एमबी, लाईन एकदाही न तुटता सव्वासात दिवसांपेक्षा जास्त. तेच डिस्क जोडून लोकल गिगाबिटवर कॉपी केलं तर साधारण दहा तास, आणि फोंड्याहून मडगावला डिस्क गाडीतून न्यायला तासभरही लागत नाही. डिस्क एन्क्रिप्ट करून न्या, तिकडे उतरवा, मग तिथून पुढचा फरक फक्त नेटवरून पाठवा. आरसिंकमध्ये असं करताना वेळेचे शिक्के जपले गेलेत ना ते बघा, कारण तो मुळात साईज आणि बदलल्याची वेळ एवढंच ताडून बघतो. डिस्क फॅट फॉरमॅटची असेल तर तिच्यावर वेळ दोन सेकंदांच्या पटीत साठते, आरसिंकला बऱ्याचशा फाईली बदललेल्या वाटतात आणि तुमची मेहनत वाया. मॉडिफाय-विंडो एक सेकंद दिला की ते टळतं.

जॉब हिरवा झाल्यावर डिलीट ऑप्शन लगेच परत लावू नका. आधी ड्राय रन, सोबत चेकसम, आयटेमाईझ आणि फक्त या ड्राय रनपुरता डिलीट, म्हणजे प्रत्यक्ष काही न बदलता दोन्ही बाजूंचा मजकूर बाईटपर्यंत ताडून बघतो आणि वेगळं काय ते दाखवतो. दोन्हीकडच्या अख्ख्या डिस्क वाचाव्या लागतात त्यामुळे हे शनिवारी रात्री लावा. यादी रिकामी आली किंवा त्यातली प्रत्येक ओळ तुम्हाला समजावून सांगता आली, की मग डिलीट, मग रिटेन्शन, या क्रमाने चालू करा. टॅलीचा डेटा असेल तर तो उघडा असताना कॉपी झालेला नाही ना ते वेगळं तपासा: डेस्टिनेशनवरची कंपनी एका मोकळ्या मशीनवर घेऊन उघडा, कालची शेवटची व्हाउचर दिसतात का बघा. फाईल पोचणं आणि फाईल उघडणं या वेगळ्या गोष्टी आहेत आणि अकाऊंट्सच्या डेटात हा फरक मार्चएंडलाच कळला तर फार जड जातं. उघड्या फाईलींसाठी विंडोजवर शॅडो कॉपी आणि नॅसवर स्नॅपशॉट घेऊन त्यातूनच कॉपी करायची सवय ठेवा. डेस्टिनेशनवरही स्वतःचे स्नॅपशॉट हवेतच, कारण रॅन्समवेअरने फोंड्याच्या फाईली कुलूपबंद केल्या तर रेप्लिकेशन इमानदारीने त्याच फाईली मडगावला पोचवणार.

अलर्टचं एवढंच, की फेल झाल्यावर मेल येण्यावर अवलंबून राहू नका. मशीनच बंद असेल किंवा नेटच नसेल तर तो मेल निघणारच नाही. उलटं करा: यशस्वी झाला की जॉबने बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला हाक मारायची, आणि २६ तासांत हाक आली नाही तर त्या सर्व्हरने तुमच्या मोबाईलवर मेसेज टाकायचा. तो नंबर ऑफिसातल्या दोघांचा तरी असू द्या, त्यातला एकजण चवथीला गावी न जाणारा.